घरची शाळा आणि विद्येचें वतन

गेल्या दिवाळींत आमच्या गांवचा, सध्यां पुण्याकडे कारखान्यांत नोकरीस असलेला एक तरुण मला भेटावयास आला. चौथीपर्यंत माझ्याच हाताखालीं शिकलेला. बायको पदवीधर, मुलगा पांच वर्षांचा. तो म्हणाला, "गुरुजी, पोराला शाळेंत घालावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें आहे. अमेरिकेंत कॅथलिक लोक आपलीं मुलें घरींच शिकवितात. आम्हीं मोबाइलवर पाहिलें. घर स्वच्छ, मुलें नम्र, सकाळीं देवाची प्रार्थना, मग आईपाशीं धडा. आपल्या शाळेंत काय आहे, गुरुजी?" शेवटला प्रश्न त्यानें मला खिजविण्यासाठीं विचारला नव्हता, पण तो लागला. वीस वर्षें खडू हातांत धरलेल्या माणसाला तो लागणारच. त्या दिवशीं मीं त्याला चहा पाजून वाटेला लावलें. आज त्याचें उत्तर येथें देत आहें. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा राहिलेला नाहीं.

ज्यांचें उदाहरण तो देतो त्या कॅथलिक लोकांची हकीकत आधीं नीट समजून घेतली पाहिजे. वाचकहो, अमेरिकेंतील कॅथलिक हे मूळचे कोणी सरदार-जहागीरदार नव्हत. एकोणिसाव्या शतकांत आयर्लंडांतून दुष्काळाच्या तडाख्यानें, आणि पुढें इटली, पोलंड वगैरे देशांतून पोटासाठीं आलेले हे मजूर. कालवे खणावे, रूळ टाकावे, खाणींत उतरावें हें त्यांच्या वांट्यास आलें. तेथील सरकारी शाळा नांवाला सर्वांच्या. पण त्यांत वाचावयाचें बायबल प्रॉटेस्टंटांचें आणि प्रार्थनाही प्रॉटेस्टंटांची. १८४४ सालीं फिलाडेल्फिया शहरांत याच बायबलाच्या वादाचें निमित्त होऊन दंगे झाले, माणसें मेलीं आणि कॅथलिकांचीं चर्चें जाळलीं गेलीं. ज्या समाजाच्या मुलांनीं शाळेच्या पुस्तकांत आपल्या बापजाद्यांची हेटाळणी वाचली आहे, त्या समाजाला हें दुःख समजावून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु हे लोक रडत बसले नाहींत. १८८४ सालीं बाल्टिमोर येथें त्यांच्या बिशपांची परिषद भरली. प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आंत शाळा उभी राहिलीच पाहिजे, असा तिनें ठराव केला. मजुरांनीं आपल्या रोजांतून पैसा काढून विटा घेतल्या आणि शिकविण्याचें काम सिस्टर लोकांनीं पत्करलें. १९२२ सालीं ओरेगॉन राज्यानें कायदा केला कीं सर्व मुलांनीं सरकारी शाळेंतच गेलें पाहिजे. काळ्यांचा, यहुद्यांचा आणि कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कु क्लक्स क्लॅन या टोळीचा त्या कायद्यामागें जोर होता. सिस्टर लोक कोर्टांत गेले, आणि १९२५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द केला. मूल ही सरकारची मालमत्ता नव्हे, त्याला वळण लावण्याचा हक्क आईबापांचा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढें १९६५ सालीं खुद्द रोमच्या व्हॅटिकन परिषदेनेंही जाहीर केलें कीं मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्याचे आईबापच होत. धर्मगुरूंच्या एवढ्या मोठ्या वाड्यांतून ही गोष्ट बाहेर पडावी हें लहान नव्हे. देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको असें सांगणाऱ्या सत्यशोधकांच्या लेकरांना तरी ती आवडावी.

मग ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन शाळा बांधल्या, त्यांच्याच नातवंडांचीं मुलें आज घरीं कां बसतात? याचें एक कारण धर्माचें आहे. सरकारी शाळांतील वळण आपल्या श्रद्धेला धरून नाहीं, असें पुष्कळ कॅथलिक आईबापांना वाटतें. पण दुसरें कारण पैशाचें आहे, आणि मोबाइलवर तें दिसत नाहीं. १९६५ च्या सुमारास अमेरिकेंत सिस्टर सुमारें १,८०,००० होत्या. आज ४०,००० देखील उरलेल्या नाहींत. त्या काळांत कॅथलिक शाळांत ५० लाखांवर मुलें होतीं. आज तीं सुमारें १७ लाख आहेत. सिस्टर नुसत्या निर्वाहखर्चावर राबत. त्या गेल्या, त्यांच्या जागीं पगारी शिक्षक आले, फी वाढली, शाळा मिटल्या. ज्याच्या घरीं पांच मुलें त्याला पांचांची फी झेपेना. म्हणून मठांतील बाईची जागा घरांतील बाईनें घेतली. पगार ना तिला होता, ना हिला आहे!

१९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरीं शिकविणें कायदेशीर झालें. १९९९ सालीं सर्व पंथांचीं मिळून सुमारें साडेआठ लाख मुलें घरीं शिकत होतीं. २०१६ सालीं तीं सुमारें १७ लाख झालीं. कॅथलिक घरें हा त्यांतला एक भाग आहे. त्यांना पुस्तकें आणि धड्यांची आंखणी टपालानें पुरविणाऱ्या संस्था आहेत. व्हर्जिनियांतील सेटन होम स्टडी स्कूल ही त्यांपैकीं जुनी.

आतां या घरांत लहान मुलाचें काय होतें तें पाहूं. जें चांगलें आहे त्याला चांगलें म्हटलेंच पाहिजे. सकाळीं प्रार्थना होते, नंतर स्वयंपाकघरांतील टेबलापाशीं अक्षरें आणि अंक. सहा वर्षांच्या मुलाचा पुस्तकी अभ्यास बहुधा तास-दोन तासांत आटोपतो. उरलेला दिवस खेळ, बाग, भांडीं-कपडे, धाकट्या भावंडाला सांभाळणें. रात्रीं आई किंवा बाप मोठ्यानें पुस्तक वाचतो. धर्माचे धडे प्रश्नोत्तरांतून पाठ होतात, आणि संतांच्या सणावारांवरून मुलाला वर्षाचे महिने कळतात. १९१० सालीं दहाव्या पायस पोपानें सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला प्रथम प्रभुभोजन द्यावें असें ठरविलें. तेव्हांपासून ती तयारी करून घेणें हें कॅथलिक आईबापांना आपलें कर्तव्य वाटतें. आपल्या वसईकडील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतही संध्याकाळीं सारें कुटुंब एकत्र बसून प्रार्थना म्हणण्याची चाल आहे. ती मुलें शाळेंतही जातात, हा मात्र फरक लक्षांत ठेवावा. आईबापांनीं रोज ठराविक वेळीं, न चुकतां, मुलापाशीं बसावें, ही शिस्त आपल्या लोकांनीं त्यांच्यापासून घ्यावी. आमच्या किती घरांतून बाप मुलाजवळ दिवसाची पंधरा मिनिटें बसतो? मुलाच्या हातांत मोबाइल देऊन त्याला गप्प बसविणें याला शिक्षण म्हणत नाहींत.

इथवर मी त्या तरुणाच्या बाजूचा आहें. येथून पुढें नाहीं.

पहिली गोष्ट. घर ही शाळा कधीं होऊं शकते? त्या घरांतील आई शाळेंत गेलेली असेल तेव्हां. त्या अमेरिकन आईला वाचतां येतें, कारण कोणा सिस्टरनें किंवा सरकारी मास्तरणीनें तिला शिकविलें. माझ्या तरुण मित्राची बायको पदवीधर झाली, कारण तिच्या गांवीं जिल्हा परिषदेची शाळा होती. शाळेनें जी शिदोरी बांधून दिली ती घरीं बसून खावयाची, आणि वर शाळेला विचारावयाचें कीं तुझ्यांत काय आहे! ज्या घरांत आई उसाच्या फडांत आहे, वीटभट्टीवर आहे, दुसऱ्याच्या घरीं धुणीभांडीं करते, त्या घरांत टेबल कोठून येणार आणि सकाळचे दोन तास कोठून येणार? आणि जिच्या घरीं टेबल आहे तिचें तरी काय? रांधा, वाढा, उष्टीं काढा, आणि आतां त्यांत भर म्हणून शिकवाही. बापानें "आम्हीं ठरविलें" म्हणावें, आणि नोकरी सोडावी तिनें! मीं त्याला विचारलें नाहीं, आतां विचारतों: बाबा, शिकविणार कोण, तूं कीं ती?

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. घरची शाळा ही अमेरिकेंतून आलेली नवी वस्तु आहे असें कोणीं समजूं नये. ती आमच्या देशांत शेंकडों वर्षें होती. वेद बापानें मुलाला घरीं शिकविला. मोडी अक्षर, जमाखर्च आणि दप्तर कुळकर्ण्यानें आपल्या पोराला ओटीवर बसवून शिकविलें. विद्या उंबऱ्याच्या आंत राहिली, म्हणून ती वतन झाली. आणि ज्यांच्या उंबऱ्याआंत ती नव्हती ते पिढ्यान् पिढ्या कागदावर आंगठा उमटवीत राहिले. त्या कागदावर काय लिहिलें आहे हेंही त्यांना वतनदारच सांगे! जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, ती हें कुलूप फोडण्यासाठीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं मागणी केली ती प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत तें सक्तीचें आणि मोफत केलें, आणि मुलाला न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्या काळीं "मूल माझें, मी वाटेल तें करीन" म्हणणारे बाप नव्हते काय? होते. म्हणूनच दंड ठेवावा लागला. अमेरिकेंतील कॅथलिकांना जुलमी सरकारपासून मुलें वांचवावयाचीं होतीं. त्यांची ती लढाई खरी होती. आमची लढाई बंद दारापासून विद्या वांचविण्याची होती. दोन्ही लढाया मानाच्या. पण एकीचें हत्यार दुसरीत जसेंच्या तसें चालत नाहीं.

तिसरी गोष्ट शेजारच्या मुलाची. घरांत भावंडें असतात, पण परकें मूल नसतें. १९६२ सालीं न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनीं आपल्या कॅथलिक शाळांत काळीं आणि गोरीं मुलें एकत्र बसविण्याचा हुकूम काढला, आणि उघड विरोध करणाऱ्या तिघांना धर्मबहिष्कृत केलें. हा हुकूम चालला, कारण तेथें शाळा होती, बांक होता. शाळेच्या बांकावर हुकूम चालतो. घरच्या टेबलावर कोणाला बसवावें याचा हुकूम कोणीं काढावा? घरीं शिकविणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना ही उणीव स्वतःलाही जाणवते. म्हणून त्यांतील पुष्कळजण आठवड्यांतून एकदां आपलीं मुलें एका ठिकाणीं जमवितात, आणि एक आई गणित तर दुसरी गायन शिकविते. म्हणजे फिरून अर्धी शाळाच झाली! माझ्या वर्गांत पाटलाचा नातू आणि मातंगवाड्यांतील मुलगी एका पंक्तीला खिचडी खातात. त्या एका पंक्तीसाठीं मागल्या पिढ्यांनीं काय सोसलें हें ज्याला ठाऊक आहे, तो "शाळेंत काय आहे" असें विचारणार नाहीं.

चौथी गोष्ट परक्या डोळ्याची. आईबाप बहुतेक प्रेमळच असतात. पण कायदा बहुतेकांसाठीं नसतो, उरलेल्यांसाठीं असतो. २०१८ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांत एका घरांतून सतरा वर्षांची मुलगी खिडकींतून निसटली आणि तिनें पोलिसांना फोन केला. आंत तिचीं बारा भावंडें उपाशी, आणि कांहीं सांखळ्यांनीं बांधलेलीं सांपडलीं. बापानें तें घर सरकारदरबारीं खासगी शाळा म्हणून नोंदविलें होतें! तें कुटुंब कॅथलिक नव्हतें, आणि अशा एका घरावरून साऱ्यांना दोष देणें पाप होईल. पण शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या अंगावरचा वळ कोणीतरी पाहतें, एवढें तरी खरें आहे. न्यूयॉर्क राज्यांत घरीं शिकविणाऱ्यांना आधीं कळवावें लागतें, तिमाही अहवाल द्यावे लागतात आणि दरवर्षीं मुलाची प्रगति दाखवावी लागते. टेक्सासांत ना अहवाल, ना परीक्षा. माझ्या मतें हक्क आणि देखरेख यांची जोडी फोडतां कामा नये.

दूर कशाला, जोतीरावांचेंच उदाहरण घ्या. एका कारकुनाच्या सांगण्यावरून त्यांच्या वडिलांनीं त्यांना शाळेंतून काढून मळ्याच्या कामाला लावलें होतें. गोविंदराव कांहीं वाईट बाप नव्हते. पण शेजारचे मुनशी गफार बेग आणि लिजिट साहेब या दोन परक्या माणसांच्या नजरेस तो मुलगा पडला. त्यांनीं वडिलांची समजूत घातली आणि १८४१ सालीं मुलगा पुन्हां मिशनच्या शाळेंत गेला. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती! बापाचा शब्द शेवटचा ठरला असता, तर महाराष्ट्राला महात्मा फुले मिळाले नसते.

मग पांच वर्षांच्या मुलाचें करावें काय? त्याला सहा तास बांकावर खिळून ठेवावें असें मी म्हणत नाहीं. या बाबतींत एका कॅथलिक बाईनेंच जगाला वाट दाखविली आहे. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोमच्या मजूरवस्तींत "बालकांचें घर" उघडलें. बाहेर राबणाऱ्या आयांचीं मुलें तेथें हातानें काम करतां करतां शिकत. तिनें शाळेला घर केलें. घराला कडी लावली नाहीं. तोच धागा घेऊन आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि पुढें कोसबाडला आदिवासी मुलांसाठीं काम केलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हा शब्द आज खेडोपाडीं रुळला आहे. अंगण घराचेंही असतें आणि वाटेनें जाणाऱ्या मुलाचेंही असतें. लहान मुलाचें शिक्षण अशा अंगणांत व्हावें.

आतां आमच्या सरकारी शाळा चांगल्या आहेत काय? कोठें आहेत, कोठें नाहींत. एक शिक्षक आणि चार वर्ग, त्यांत जनगणना, निवडणूक आणि रोजची माहिती भरण्याचें काम. हें मी भोगतों, म्हणून झांकत नाहीं. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत आणि सक्तीचें शिक्षण दिलें, तसा आईबापांनाही एक हक्क दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. किती पालक त्या बैठकीस येतात? मीं वहीवर सह्या घेण्यासाठीं घरोघर फिरलेलों आहें. अमेरिकन आईबाप ज्या चिकाटीनें घरीं मूल शिकवितात, त्याच्या निम्म्या चिकाटीनें आमचे पालक समितींत बसले, तर एकाही शिक्षकाची टंगळमंगळ करण्याची छाती होणार नाहीं. माझीसुद्धां नाहीं. शाळा बिघडली तर तिचें दार ठोठावा, मास्तराला जाब विचारा. उलट शिकलेल्या चार घरांनीं मुलें काढून घेतलीं कीं पट घसरतो. २० च्या आंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारनें २०२३ सालीं मांडलाच आहे. शाळा उठली तर तुमचें मूल घरीं शिकेल. पण तुमच्या सालगड्याची मुलगी तीन मैल चालत जाणार आहे काय? ती घरींच बसेल, आणि तिच्या घरीं टेबल नाहीं.

शेवटीं एकच आठवण देतों. सावित्रीबाई फुले याही घरींच शिकल्या. लग्न होऊन आल्या तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनीं त्यांना घरीं शिकविलें. याहून मोठें घरच्या शिक्षणाचें उदाहरण कोणत्या देशांत आहे? परंतु ती विद्या घेऊन सावित्रीबाई घरांत बसल्या नाहींत. शेण आणि दगड अंगावर घेत त्या दुसऱ्यांच्या मुलींना शिकवावयास रोज बाहेर पडल्या.

म्हणून, बाळा, तुझ्या पोराला सकाळीं जरूर घरीं शिकव. तूंही शिकव, सगळें तिच्यावर टाकूं नको. चिंचोके मोजूं दे, गोष्ट वाचून दाखव, प्रार्थना म्हणावयाची असेल तर म्हण. आणि त्याला सहावें वर्ष लागलें म्हणजे दहाच्या ठोक्याला त्याचा हात धरून शाळेंत आणून सोड. वाटेंत शेजारचें एखादें पोर रेंगाळत असेल तर त्यालाही बरोबर घे. एवढें बोलून मी आपली रजा घेतों.

— एक खेड्यांतील शिक्षक